लाबानाच्या घरची नोकरी

आजचं वाचन : उत्पत्ती, अध्याय ३१



हा अध्याय मी पूर्वी भराभर वाचून पुढे जायचे. मेंढरं, चोरलेल्या मूर्ती, सासऱ्या-जावयाचं भांडण. त्यात आपल्यासाठी काय आहे, असं वाटायचं. पुढे नाना पेठेतल्या एका दुकानात सहा वर्षं नोकरी केली, आणि लाबान कोण ते नीट कळलं.

दुकान टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सचं. आम्ही सात जण कामाला, मी बिलिंगवर. मालकांना सगळे काका म्हणायचे, कारण कामावर घेतानाच ते सांगत की इथे नोकर कुणी नाही, सगळे घरचेच. लाबानानेही भाचा दारात आला तेव्हा आधी रक्ताच्या नात्याचीच आठवण काढली होती. 'घरचे' या शब्दाचा अर्थ मला हळूहळू समजत गेला. घरच्या माणसाने पगार कधी होणार हे विचारायचं नसतं. घरच्या माणसाला रात्री साडेदहाला स्टॉक विचारला तर त्याने उठून सांगायचा असतो. एक कॅमेरा गल्ल्यावर, एक गोडाऊनमध्ये आणि एक बरोबर माझ्या खुर्चीच्या वर. काका घरी जेवतानाही मोबाइलवर बघत असायचे. दोन मिनिटं कुणाशी बोललं की फोन यायचा, "काय चाललंय गं?"

रविवारी पाच हौदाच्या चर्चमध्ये उपासना चालू असतानाही फोन यायचा. कपाटाची चावी, कुठलंसं बिल. मी बाहेर पायरीवर येऊन बोलायचे, आणि कितीदा तरी परत आत जाईपर्यंत प्रभुभोजन उरकलेलं असायचं. हा रविवार आपल्याला फुकट मिळालेला नाही, हे जाता जाता सांगते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० ला ही सुट्टी मिळवली. ते सत्यशोधक, आणि रविवार मागताना त्यांनी खंडोबाच्या वाराचं कारण दिलं होतं. त्यांनी गिरणी मालकांकडून मिळवलेला दिवस मी एका फोनवर सोडून देत होते.

आता अध्यायाकडे या. याकोबाला बायकांशी महत्त्वाचं बोलायचं आहे, तर तो त्यांना रानात, कळपाजवळ बोलावून घेतो. घरात का नाही बोलत? कॅमेऱ्याखाली बसलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आम्हीही जे काही बोलायचो ते चौकातल्या चहाच्या टपरीवर.

मग याकोबाची ती मोठी तक्रार. वीस वर्षं राबलो, दिवसा उन्हाने भाजलो, रात्री थंडीने झोप उडाली, आणि याने दहा वेळा माझी मजुरी फिरवली. त्यातलं एक वाक्य मात्र मला पुढे जाऊ देत नाही. जनावराने फाडलेलं मेंढरू मी तुझ्याकडे आणलंच नाही, ते नुकसान मीच सोसलं, असं तो म्हणतो. हे त्याच्यावर का यावं? निर्गमाच्या २२ व्या अध्यायात नियम असा आहे की राखणीला दिलेलं जनावर श्वापदाने फाडलं, तर राखणाऱ्याने उरलेला अवशेष पुरावा म्हणून दाखवावा, भरपाई देऊ नये. त्याहून जुन्या हम्मुराबीच्या कायद्यातही सिंहाने मारलेल्या जनावराचा तोटा मालकाचा. म्हणजे त्या मुलखातली रीत गुराख्याच्या बाजूची होती, आणि लाबान ती पाळत नव्हता. आपल्याकडच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही नुकसानीपोटी पगार कापायचा, तर चूक त्या कामगाराचीच असली पाहिजे आणि आधी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असं होतं.

आमच्या दुकानात एकदा ट्रान्सपोर्टने हेडलाइटच्या काचांचा खोका आला, तो आतून फुटलेला. गोडाऊनला एक पोरगा होता, बारावी करून नुकताच लागलेला. काकांनी ठरवलं की त्यानेच आपटला. तीन महिने पगारातून कापायचे. रजिस्टरमध्ये ती कपात लिहिली कुणी? मी. आणि खोका येतानाच फुटका होता, हे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ती पावती माझ्या फाइलमध्ये होती. फाडलेल्या मेंढराचा अवशेष माझ्या हातात होता, आणि मी तो दाखवला नाही. मला भीती वाटली. धाकट्याची फी भरायची होती, हेही खरं. याकोबाने तोटा स्वतः सोसला. मी तो दुसऱ्याच्या नावावर लिहिला.

त्या दिवसांत एका वडीलधाऱ्या बाईंनी मला पेत्राच्या पहिल्या पत्रातला दुसरा अध्याय दाखवला होता, कठोर धन्याच्याही अधीन राहावं असं सांगणारा. त्यांचा हेतू चांगला होता. पण पेत्र ते घरगुती गुलामांना लिहितो, ज्यांना राजीनामा नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. पौलही करिंथ इथल्या दासांना, सुटका होत असेल तर ती करून घ्या, असंच सुचवतो. आणि आजच्या अध्यायात 'परत जा' हे खुद्द देव सांगतो. लाबान काय करतो ते आपण पाहिलं आहे, असंही सांगतो. याकोब काही फार सरळ माणूस नव्हता. तो न सांगता निघाला, राहेलने तर बापाच्या मूर्ती उचलल्या. तरी देवाने पाहिलं होतं.

मी न सांगता निघाले नाही, पत्र दिलं. काका दुखावले. आधी बोलली असतीस तर छान सेंड-ऑफ केला असता, म्हणाले. (लाबानही म्हणतो, डफ-वीणा वाजवून पाठवणी केली असती!) मग म्हणाले, तुला जे येतं ते सगळं मीच शिकवलं. मुली माझ्या, नातवंडं माझी, कळप माझा, हे लाबानाचं शेवटचं उत्तर मी त्यांच्या तोंडून ऐकलं. शेवटचा पगार तीन हेलपाट्यांनी मिळाला.

त्यातून त्या पोराचे पैसे वेगळे काढले. तो तोवर मार्केट यार्डात एका गाळ्यावर लागला होता. त्याने नोटा मोजल्या नाहीत, खिशात ठेवल्या. मला चहा पाजला. मग अगदी शांतपणे विचारलं, "ताई, पावती तुमच्याकडेच होती ना?"

मी हो म्हणाले.

देवबापा, आज जिथे जिथे कुणी कॅमेऱ्याखाली बसून बिलं करत आहे, त्याच्याजवळ राहा. ज्याच्या फाइलमध्ये अशी पावती असेल, त्याला ती आजच बाहेर काढायचं बळ दे. येशूच्या नावाने मागते. आमेन.

उद्याचं वाचन : उत्पत्ती, अध्याय ३२. याकोब आता एसावाला भेटायला निघाला आहे.