रानाचे भाडे

परवा गावी गेलो, तेव्हा धाकट्या भावाने घरामागच्या डोंगरावरचे रान तोडून काजू लावायची गोष्ट काढली. "दादा, हे ऐन-किंजळ आपल्याला देतात काय?" प्रश्न बिनतोड. त्याला मुलीचे शिक्षण करायचे आहे. मी पुण्यात पेन्शन खाऊन रानाचे गोडवे गातो!

तरी मन अडखळले. वाळल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कर्बाचे असते. आजोबांच्याही आधीपासून त्या झाडांनी तो हवेतून वेचून साठवलेला. लाकूड भट्टीत गेले, की घटकेत सारा परत हवेत. उघडी पडलेली मातीही आपल्यातला कर्ब सोडू लागते. काजूही थोडा साठवील म्हणा, पण जुन्या रानाची सर त्याला नाही. 1958 साली हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायू सुमारे 315 भाग होता. 2024 मध्ये तो 420 च्या पुढे होता. वाढलेला बहुतेक कोळशा-पेट्रोलच्या धुराचा, आणि त्या धुराचा धनी भावापेक्षा मीच अधिक. मग रान राखण्याची झळ त्याने एकट्याने का सोसावी?

"काजूचे निम्मे उत्पन्न दरसाल मी देतो, रान राहू दे," मी म्हटले.

भाऊ हसला. "आणि तुझ्यामागे कोण देणार?"