तीन उन्हाळ्यांचं पाणी

केळझर, ता. सेलू, जि. वर्धा
पौष पौर्णिमा

चि. बाळ,


परवा तुझा फोन आला तेव्हापासून उत्तर मनात घोळतंय. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. तू विचारलंस, "आबाजी, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री बोरच्या जंगलात मचाणावर बसायचं आहे. वनखात्यात स्वयंसेवक म्हणून नाव कुठं घालू?"

मचाणावर अवश्य बस. वैशाखातल्या त्या रात्री पाणवठ्यासमोर बारा तास तोंड मिटून बसणं तुझ्या वयाच्या पोराला फार शिकवून जातं. अंगाला अत्तर लावू नकोस, मळकट रंगाचे कपडे घाल, मोबाइल बंद ठेव. पूर्वी त्या रात्री जनावरांची मोजदाद होई. आता वाघ मोजायला कॅमेरे लावतात आणि देशभरची व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते. म्हणून खातं त्या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतं, आणि ते नाव मला अगदी बरोबर वाटतं. अनुभव तुला मिळतो. जंगलाला काही द्यायचं असेल तर त्याचे दिवस वेगळे आहेत, आणि त्या दिवसांत नाव घालायला फारसं कुणी येत नाही.

ते दिवस आता सुरू होतायत. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी वनरक्षक आणि वनमजूर जाळरेषा काढतात. म्हणजे जंगलातून एक पट्टा आखायचा, त्यातलं गवत आणि पाला काढून किंवा ताब्यात ठेवून जाळून तो मोकळा करायचा, की एका बाजूची आग दुसरीकडे जाऊ नये. काम साधं दिसतं, पण सागाचं वाळलेलं पान पत्रावळीएवढं असतं आणि वारा सुटला की साफ केलेला पट्टा दोन दिवसांत पुन्हा भरतो. पुन्हा झाडावं लागतं. बोर १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्याचं गाभा क्षेत्र आहे जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्यांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. एवढ्याशा जंगलात आग पसरली तर जनावरानं पळून जायचं कुठं?

आग लागते कशी, तेही समजून घे. चैत्राच्या तोंडावर मोह गळायला लागतो. पहाटेच्या अंधारात फुलं टपटप पडतात, पिवळसर, रसाळ, बोराएवढी. वाळलेल्या पाल्यात ती सापडत नाहीत. म्हणून वेचणारी माणसं आधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी झाली की फूल उठून दिसतं. पोटासाठीच करतात ती, त्यांच्यावर डोळे वटारू नकोस. पण एखादा ओंडका धुमसत राहतो, दुपारच्या तपनीत वारा येतो आणि डोंगर पेटतो. यावर उपाय खराट्याचा आहे. दोन पोरांनी आदल्या संध्याकाळी मोहाखालची जागा झाडून दिली तर काडी ओढायची गरजच राहत नाही. असं एक झाड, मग दुसरं. मोह वेचणाऱ्या म्हाताऱ्या बाईला तू जागा झाडून दिलीस, तर पुढच्या वर्षी ती स्वतःहून पाला पेटवणार नाही. मला तर ही मदत शंभर फलकांहून मोलाची वाटते.

आता माझी एक चूक सांगतो. निवृत्त झालो त्या वर्षी जुलैत आपल्या टेकडीच्या उतारावर झाडं लावायचा कार्यक्रम झाला. पाऊस होता, खड्डे तयार होते, माणसं भरपूर होती, फोटो निघाले. माझ्या वाट्याला चाळीस रोपं आली. मी मोठ्या हौसेनं लावली आणि पावसाळाभर तिकडे फिरकलो नाही. दिवाळीनंतर गेलो तेव्हा गवतात रोपं शोधावी लागली. काही बकऱ्यांनी खाल्ली होती, काही गवताखाली गुदमरली होती. होळीपर्यंत सहा उरली. त्या दिवशी उतारावर बसून मला फार वाईट वाटलं. ज्यांनी कार्यक्रम घेतला त्यांनी तो उरकला होता, आणि मीही तेच केलं होतं.

त्या सहांसाठी मग मी मडकी आणली. बुडाला भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवायची, रोपापासून वीतभर अंतरावर मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. वातीतून पाणी मुळाशी झिरपत राहतं. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि बुडाशी पाल्याचं आच्छादन. दर चौथ्या दिवशी गुंडानं, म्हणजे हंड्यानं, पाणी वर न्यायचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा पहाटे पाचला निघालं तरच जमायचं. पहिल्या उन्हाळ्यात एक रोप गेलं, दुसऱ्यात आणखी एक. तिसऱ्या उन्हाळ्यात मुळं खोल गेली आणि मडकी मी काढून घेतली. चार झाडं आज उभी आहेत: दोन कडुनिंब, एक करंज, एक आवळा. आवळ्याला तू लहानपणी दगड मारले आहेस.

म्हणून आकडे ऐकले की मी आधी उन्हाळे मोजतो. आपल्या राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचा संकल्प सोडला. त्याच काळात हरित सेनेत लोकांची नावंही नोंदवून घेतली. लोक पुढे आले, हे चांगलंच झालं. पण जुलैत एका रोपामागे चार माणसं असतात आणि एप्रिलात चार हजार रोपांमागे एक वनमजूर. तुझ्या राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास धरतात, दोन वर्षांचे २४०. ते तास सगळे पावसाळ्यात घालवू नकोस. थोडे एप्रिल-मेसाठी राखून ठेव.

तू म्हणशील, हे तर खात्याचं काम, त्यांना पगार मिळतो. देवळात सिद्धिविनायकाला येणाऱ्यांकडूनही मी हेच ऐकतो. प्रसादाची पिशवी तिथंच टाकतात, मग वानर ती फाडून खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर प्लास्टिकही गिळतं, आणि म्हणायचं काय, तर झाडायला माणसं आहेत.

काम कुणाचं, पाळी कुणाची, हे विचारण्याआधी आपल्या गावची गोष्ट आठव. आपलं गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बकासुराला रोज एका घरानं गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. पांडव तिथं परके होते, पाळी त्यांची नव्हती, ज्यांच्या घरी उतरले होते त्या ब्राह्मणाची होती. तरी कुंतीनं आपला मुलगा पाठवला. लोक भीमाच्या ताकदीचं कौतुक करतात. मला त्या गोष्टीत कुंतीच मोठी वाटते. आणि जुनं राहू दे, १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत होते, तेव्हा मीराबेन आणि महादेवभाई शेजारच्या सिंदी गावात सफाईला जात. गाव त्यांचं नव्हतं, घाण त्यांची नव्हती.

मात्र एक पक्कं लक्षात ठेव. जंगलात आपल्या मनानं काही करायचं नाही. आधी वनपालाला भेटायचं, दोन ओळींचा अर्ज द्यायचा, आणि ज्या बीटात पाठवतील तिथल्या वनरक्षकाच्या मागे चालायचं. कुठल्या ओढ्यात अस्वल बसतं, वारा कुठून फिरतो, हे त्याला माहीत असतं. आग दिसली तर एकट्यानं डहाळी घेऊन धावू नकोस. खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर, वनरक्षकाला कळव, आणि तो सांगेल तिथं उभा राहा. तो पाणी आणायला सांगेल तर पाणी आण; तेही आग विझवण्याचंच काम आहे. पाणवठ्यावर जनावराला खायला टाकायचं नाही, पिल्लू दिसलं तर उचलायचं नाही.

परीक्षा संपली की पहिल्या रविवारी निघ. नागपूरहून वर्ध्याची बस आपल्या फाट्यावर थांबते. जाड तळव्याचे बूट आण, डोक्याला सुती दुपट्टा आण. खराटे, गुंड आणि माझी जुनी चार मडकी घरात आहेत. उतारावर यंदाच्या पावसाळ्यात लावलेली अकरा रोपं अजून हिरवी आहेत, आणि माझ्या गुडघ्यांना आता गुंड घेऊन चढवत नाही.

तुझे,
आबाजी