बासष्ट वर्षांचा उशीर

माणसाचं रोजचं जगणं पालटून टाकणारे शोध कोणते, असं विचारलं की चाक, छपाई, वाफेचं इंजिन, वीज ही उत्तरं भराभर येतात. काडेपेटी सहसा कुणाला आठवत नाही. पण ती नव्हती तेव्हा चूल पेटवणं हेच एक मोठं काम होतं. रात्री निजण्याआधी घरातली बाई निखारा राखेखाली झाकून ठेवायची आणि पहाटे राख सारून तो फुंकणीनं फुलवायची. विझलाच, तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं. तेही जमलं नाही तर चकमक आणि गारगोटी होतीच. कापसावर ठिणगी धरेपर्यंत मात्र धीर धरावा लागे, आणि पावसाळ्यात कापूसही सादळलेला.

ही यातायात संपवली ती इंग्लंडमधल्या स्टॉकटन-ऑन-टीज या गावच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्रेत्यानं. घासून पेटणारी काडी त्यानं १८२६ साली तयार केली. ७ एप्रिल १८२७ ही तिच्या विक्रीची त्याच्या खतावणीतली पहिली तारीख. पेटंट त्यानं घेतलंच नाही. पुढे १८३० च्या सुमारास काडी अधिक सहज पेटावी म्हणून गुलात पांढरा फॉस्फरस घालू लागले. आता ती भिंतीवर घासा, बुटाच्या टाचेवर घासा, पेटायचीच. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

कारखान्यात या काड्या करणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली होत्या. पांढऱ्या फॉस्फरसची वाफ दिवसभर नाकातोंडात जायची. जेवणाची वेगळी जागा नसल्यामुळे भाकरीच्या तुकड्याबरोबर तो पोटातही जायचा. किडलेल्या दाताच्या वाटेनं तो जबड्याच्या हाडापर्यंत पोहोचे. आधी दातदुखी, मग सूज, मग पू, आणि शेवटी हाडच कुजू लागे. अनेकींचा जबडा कापून काढावा लागला, कित्येकींचा जीव गेला.

आणि हे टाळता येत नव्हतं असं मुळीच नाही. स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाशनं १८४४ सालीच निर्धोक काडीचं पेटंट घेतलं होतं. युक्ती साधी आहे आणि आपल्या हातातल्या पेटीत ती आजही दिसते. गुलात फॉस्फरस नसतोच. तांबडा फॉस्फरस, जो विषारी नाही, तो पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत असतो. दोन्ही एकमेकांना घासले तरच जाळ होतो. म्हणून तर आपली काडी भिंतीवर कितीही घासली तरी पेटत नाही. लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीनं या काडीचे ब्रिटनमधले हक्क १८५५ साली विकतही घेतले होते. पण तांबडा फॉस्फरस महाग होता आणि गिऱ्हाइकाला कुठेही पेटणारी स्वस्त काडी हवी होती. तेव्हा जबडे कुजत राहिले आणि कंपनी दोन्ही प्रकारच्या काड्या विकत राहिली. मला या साऱ्या कथेत सर्वांत जास्त सलतं ते हेच.

जून १८८८ मध्ये ॲनी बेझंट यांनी या कारखान्यातली तुटपुंजी मजुरी आणि बोलल्याबद्दल, काड्या खाली पाडल्याबद्दल होणारा दंड यांवर लेख लिहिला. होमरूलमुळे आणि १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षपदामुळे आपण ज्यांना ओळखतो, त्याच या बेझंट. लेखातलं खोटं आहे असं लिहून द्या, असा दबाव मालकांनी बायकांवर आणला. त्यांनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं, तशा लंडनच्या बो भागातल्या त्या कारखान्यातून सुमारे १,४०० जणी बाहेर पडल्या. दोन-तीन आठवड्यांत त्या जिंकल्या. दंड रद्द झाला आणि जेवायला वेगळी खोली मिळाली. जिथे अन्नातून विष जात होतं, तिथे वेगळी खोली म्हणजे आयुष्यच होतं.

तरीही पांढरा फॉस्फरस तिथे १९०१ पर्यंत वापरात राहिला. त्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार बर्न इथे झाला तो १९०६ साली. म्हणजे निर्धोक काडीचं पेटंट निघाल्यानंतर बासष्ट वर्षांनी! हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली आला. आज आपल्या देवघरातल्या काडेपेटीत ते विष नाही, याचं श्रेय मी पाशइतकंच बोमधल्या त्या सही न करणाऱ्या बायकांना देईन.