दोन परवाने

एकाच माणसाच्या एकाच पाकिटात दोन परवाने सुखाने नांदू शकतात. एक दारू पिण्याचा आणि दुसरा पिस्तूल बाळगण्याचा. पहिला राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, दुसरा मुंबईत पोलीस आयुक्तांकडून मिळतो. पहिल्याच्या मागे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, दुसऱ्याच्या मागे १९५९ चा शस्त्र कायदा. दोन्ही कागद खरे आणि दोन्ही कायदेशीर. परंतु हे दोन्ही एकाच संध्याकाळी वापरावेत काय, हा प्रश्न एक कचेरी दुसरीला विचारीत नाही. तो ज्याचा त्यानेच स्वतःला विचारायचा असतो.

या दोन परवान्यांची तुलना मोठी मौजेची आहे. पिण्याचा परवाना आजन्म मिळू शकतो, शस्त्राचा मात्र पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. इथवर ठीक आहे. पण शस्त्राच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पुरी असली की भागते, तर महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ पुरी व्हावी लागतात. म्हणजे सरकारी हिशेबाने पिस्तूल सांभाळण्याची अक्कल पेला सांभाळण्याच्या अकलेपेक्षा चार वर्षे आधी येते! हसू येते खरे. पण दोन्ही गोष्टींना अक्कल लागते, एवढे तरी या हिशेबात मान्य केलेले आहे. राहिले ते इतकेच की, एका वस्तूला जी अक्कल लागते तीच दुसरी वस्तू पोटात जाताच काढून घेते.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या जोगेश्वरीला तो परका नाही. द्रुतगती महामार्गाने गोरेगावकडे निघाले की राज्य राखीव पोलीस दलाचा तळ लागतो. बंदूक ही तिथल्या घरांतली रोजची भाकरी आहे. इकडे बैठ्या चाळींच्या जागी मनोरे उठले, जमिनीला सोन्याचा भाव आला, भावामागून पैसा आला, पैशामागून वैर आले आणि वैरामागून अंगरक्षक आले. सदऱ्याखाली कमरेशी थोडासा फुगवटा असलेला माणूस हळदीच्या मांडवात आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असू शकतो. आपल्याला ते कळतही नाही.

साताऱ्याकडचे एक माजी सैनिक आमच्या शेजारी राहतात. एका धनिकाबरोबर ते अंगरक्षक म्हणून फिरतात. एकदा ते मला म्हणाले, "साहेबांची बैठक बसली की त्यांचे दोस्त मलाबी पेला भरत्यात. म्हणत्यात, घ्या हो, एकानं काय होतंय? आता तुम्हीच सांगा, न्हाई म्हणायचं तरी कसं?" विचारताना त्यांच्या आवाजात कुतूहल नव्हते. नकार दिला तर साहेबांचा मान जातो, आणि साहेबांचा मान गेला की नोकरीही जाते, ही भीती होती.

तेव्हा 'एकाने काय होते' हा युक्तिवाद नीट तपासला पाहिजे. मोटार चालवणाऱ्यापुरता कायद्याने त्याला आकड्यात उत्तर दिले आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य सापडले की तो गुन्हेगार. शस्त्र कायद्यात असा आकडा नाही. अमेरिकेसारख्या, बंदुकीला घरच्यासारखे वागवणाऱ्या देशातही ओहायो राज्याने २०११ साली परवानाधारकांना मद्यगृहात शस्त्र नेण्याची मुभा दिली, ती एका अटीवर : शस्त्र नेणाऱ्याने तिथे प्यायचे नाही. तिथे आकड्याची भानगडच ठेवली नाही. मला ही अट शहाणपणाची वाटते. कारण आकडा मोजायला यंत्र लागते, आणि बैठकीत यंत्र नसते. तिथे मोजणारा असतो तो पिणाराच.

आणि खरी अडचण नेमकी इथेच आहे. मद्य आधी पाय लटपटवते आणि मग बुद्धीकडे वळते, असा आपला समज असतो. होते उलटेच. पाय स्थिर असतात, जीभ जागेवर असते, आणि आत बसलेला न्यायाधीश मात्र केव्हाच पेंगू लागलेला असतो. दुसरा पेला नको हे ज्याने सांगायचे, त्यालाच पहिल्या पेल्याने पाट-पाणी करून निजवलेले असते. पुढचा परिणाम दिसेनासा होतो आणि समोरचा अपमान डोळ्यांत भरतो. मग लिंबू चोखा, कॉफी प्या की डोक्यावर गार पाणी ओता. यकृत आपल्या चालीने चालते, ते कोणाच्या घाईने धावत नाही.

आता 'लपवलेले' या शब्दाकडे वळू. पोलिसाच्या खांद्यावरची बंदूक सर्वांना दिसते. तो झिंगलेला दिसला तर लोक दूर सरतात, वरिष्ठांना कळवतात, निदान लेकरांना तरी आत घेतात. लपवलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत यातले काहीच घडू शकत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी शस्त्र नेणाऱ्यावर दोन बंधने घातली आहेत : ते पूर्ण झाकलेले असावे, आणि नेणाऱ्याचा त्यावर परिणामकारक ताबा असावा. झाकण्याचे काम सदरा करतो; ताब्याचे काम मात्र जागे मनच करू शकते. त्या मांडवातल्या दोनशे माणसांत पिस्तूल आहे हे एकट्यालाच ठाऊक असते. तोच त्याचा पहारेकरी आणि तोच एकमेव साक्षीदार. तो प्यायला म्हणजे दोनशे माणसांचा पहारा त्यांना न विचारता उठला. मद्यपान हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे असे मीही एरवी म्हणेन. पण कमरेला पिस्तूल असताना तो खाजगी राहत नाही.

शुद्धीत असतानाही हे हत्यार किती थोडी चूक खपवून घेते, याचे उदाहरण आमच्यापासून फार लांबचे नाही. जुहूला १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. तिथे ना भांडण होते, ना बैठक. प्रवासाला निघण्याची गडबड तेवढी होती. दुसऱ्या टोकाचे उदाहरण दिल्लीचे. एप्रिल १९९९ मध्ये एका मेजवानीत, आता मद्य मिळणार नाही, असे सांगणाऱ्या जेसिका लाल या तरुणीला गोळी घालण्यात आली. मारेकऱ्याची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली कायम केली. एका पेल्याच्या नकारावरून एक जीव गेला. तिथे पिस्तूल नसते तर शिवीगाळ झाली असती, फार तर थप्पड बसली असती, आणि सकाळी कोणीतरी क्षमा मागितली असती. पिस्तूल त्या क्षमेला वेळच देत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे नाही. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांचा अंत कसा झाला ते आठवा. द्वारकेत दारू गाळील त्याला सुळावर चढवू, अशी दवंडी पिटलेली होती. पण मंडळी प्रभासक्षेत्री गेली आणि बेत झाला. सात्यकीने कृतवर्म्याला जुन्या युद्धातली झोपलेल्यांची हत्या ऐकवली, कृतवर्म्याने सात्यकीला भूरिश्रव्याची आठवण दिली, आणि वीर एकमेकांवर तुटून पडले. किनाऱ्यावरचे गवत उपटले तरी हातात त्याचे मुसळ होत होते. ते वैर त्या दिवसाचे नव्हते; सारी वर्षे शुद्धीने ते दाबून ठेवले होते. मद्याने झाकण काढले आणि हाताशी शस्त्र सापडले. हे तिन्ही एका जागी आले की प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही कूळ वाचवता आले नाही.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकले पाहिजे. माझ्या जिवाला धोका आहे म्हणून तर मला परवाना मिळाला. रात्री मेजवानीहून परततानाच धोका अधिक. मग नेमके त्याच रात्री पिस्तूल घरी ठेवू काय? हे म्हणणे पोकळ नाही. धमक्या येतात, माणसे मरतात. परंतु याचे उत्तर त्याच म्हणण्यात आहे. धोका खरा असेल तर माणसाचे पहिले शस्त्र त्याचे सावध डोळे आहेत. ते स्वतःच्या हाताने बोथट करून दुसऱ्या शस्त्रावर कसा विसंबणार? झिंगलेल्या माणसाच्या कमरेचे पिस्तूल शत्रूच्याही हाती जाऊ शकते. आणि धोका एक पेला सोडण्याइतकाही मोठा वाटत नसेल, तर तो पिस्तूल बाळगण्याइतका मोठा कसा? ज्या भयापायी एक घोट सुटत नाही, ते भय हौसेचे आहे असेच समजावे.

म्हणून निवड घराच्या उंबऱ्यावरच व्हायला हवी. बैठकीत पोहोचल्यावर पिस्तूल ठेवायला जागा नसते. गाडीत ठेवले तर चोराचे, यजमानाच्या कपाटात ठेवले तर त्याच्या पोराबाळांचे. आज प्यायचे असेल तर पिस्तूल घरी कुलपात राहील, आणि आज ते बरोबर घ्यायचे असेल तर आज पाणी किंवा सरबत. दोन्ही परवाने असावेत. एका रात्री एकच बाहेर निघावा.

पण त्या माजी सैनिकांचा प्रश्न यानेही सुटत नाही, कारण तो त्यांच्या एकट्याच्या हातचा नाही. त्यांना नकाराचे कारण चारचौघांत सांगता येत नाही. शस्त्र झाकलेले राहावे हीच तर त्यांची जबाबदारी. इथे आपल्या सर्वांचे काम सुरू होते. आग्रह ही आपल्याकडे पाहुणचाराची शोभा मानतात. जिलबीचा आग्रह खुशाल करावा, पुरणपोळीचा तर करावाच. पेल्याचा मात्र करू नये. नको म्हणणाऱ्याच्या पोटात औषध असेल, घरी वाट पाहणारी आजारी आई असेल, एखादे व्रत असेल, नाहीतर सदऱ्याखाली पाव किलोहून अधिक लोखंड असेल. त्याने कारण सांगावे अशी सक्ती करण्याचा आपल्याला अधिकार नाही. 'नको' म्हटल्यावर दुसऱ्यांदा न विचारता त्याच्यापुढे सरबताचा पेला ठेवणारा यजमान मांडवातल्या दोनशे माणसांचे रक्षण करतो, आणि त्याला ते कधी कळतही नाही. साहेबाच्या मानाचे म्हणाल, तर आपल्या रक्षकाचा 'नको' हा शब्द जो चारचौघांत राखतो, त्याचा मान त्याने वाढतोच.