बियाण्याचा टॅग वाचतोस, मग डबा का नाही वाचलास?

खाली बस. ब्रुनोला इथं माझ्याजवळ सोड आणि माझं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नकोस.

चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू हे. याच्या पुढच्या पायांकडे बघ, मनगटाशी बाक आलाय. माझ्या ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना कण्हलं बिचारं. डॉक्टरांनी एक्स-रे काढून तुला सांगितलं की खाण्यात कॅल्शियमची कमतरता आहे. आणि तू मला काय सांगतोस? ‘बाई, मी तर त्याला सगळ्यात महागडा डबा देतो, परदेशातला.’ डब्याची किंमत तुला तोंडपाठ आहे. आत काय आहे, ते दोन महिन्यांत एकदाही वाचलं नाहीस. अडाणी माणसाकडून हे झालं असतं तर मी समजावून सांगितलं असतं. तुला मी आठवीत विज्ञान शिकवलंय, पुढे तू कृषीची पदवी घेतलीस, म्हणून तुला रागावते आहे.

गाव कोणतं तुझं? जालना. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथंच महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या गावानं देशाला बियाणं दिलं, आणि त्याच बियाण्याच्या धंद्यावर तुझं घर चालतं. तुझ्या दुकानात घनसावंगीचा, भोकरदनचा शेतकरी येतो. चौथी शिकलेला असेल, पण पिशवी हातात घेतली की आधी उलटी करतो. लॉट नंबर बघतो, तपासणीची तारीख बघतो, उगवणशक्ती बघतो. सोयाबीनची उगवण ७० टक्क्यांच्या खाली चालत नाही, हे त्याला ठाऊक असतं. एवढं करूनही घरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. रोज हे डोळ्यांनी बघतोस, आणि कुत्र्याच्या डब्यावरचं कोंबडीचं चित्र बघून पैसे मोजतोस?

काल तू ठेवून गेलेला डबा घेऊन मी बसले. समोर भाजलेली कोंबडी, गाजर, वाटाणे. मागं आयातदाराचं पांढरं स्टिकर, तेही मूळ छपाईवर अर्धं चिकटवलेलं. नखानं ते सोलून काढलं आणि भिंग लावलं. मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘कॉम्प्लिमेंटरी पेट फूड’. म्हणजे पूरक खाद्य. मुख्य जेवणाबरोबर चवीला घालायचं. एकट्यानं पोट भरायचा डबा वेगळा असतो, त्यावर ‘कम्प्लीट’ म्हणजे परिपूर्ण असं लिहिलेलं असतं, आणि तो वाढत्या पिल्लासाठी आहे की मोठ्या कुत्र्यासाठी, तेही लिहिलेलं असतं. तू दोन महिने या पोराला नुसत्या तोंडीलावण्यावर ठेवलंस.

घटकांच्या यादीत ना हाडांची भुकटी आहे, ना कॅल्शियम, ना जीवनसत्त्वं. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी लागतं, थोडं जास्तच, पण दुपटीच्या वर नको. खाण्यातून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. या पायांत तेच झालंय. आता घाबरून दुकानातली कॅल्शियमची बाटली त्याच्या ताटात ओतू नकोस. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियमही हाडांना बाधतं. किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता आकड्यांकडे ये. तू म्हणालास, सुक्या खाद्यात २२ टक्के प्रथिनं आणि डब्यात ७, म्हणजे डबा पचायला हलका. कुठल्या गणितानं? डब्यात ओलावा ८२ टक्के आहे. काल संध्याकाळी त्यातलं शंभर ग्रॅम काट्यावर मोजून लोखंडी तव्यात मंद आचेवर तासभर आटवलं. रस्सा उडाला, तुकडे आक्रसून काळपट झाले, आणि काट्यावर उरलं ते १९ ग्रॅम. बाकी सगळं पाणी. चारशे ग्रॅमच्या डब्यात तू सव्वातीनशे ग्रॅमहून जास्त पाणी विकत घेतोस.

म्हणून आधी पाणी वजा करायचं, मग तुलना करायची. शंभरातून ८२ गेले, उरले १८. सात भागिले १८, गुणिले शंभर: प्रथिनं ३९ टक्के. सुक्या खाद्यात ओलावा १० टक्के, म्हणजे २२ भागिले ९०: साडेचोवीस टक्के. ओल्या कापसाचं वजन धरून कधी भाव केलास का? मग इथं का फसलास?

प्रथिनं भरपूर असूनही हे पिल्लू उपाशी आहे. प्रथिनांच्या आणि पिठूळ पदार्थांच्या ग्रॅमला साडेतीन कॅलरी धर, स्निग्धाच्या ग्रॅमला साडेआठ. लेबलवर प्रथिनं ७, स्निग्ध ३, राख २, तंतू १. उरलेले ५ पिठूळ. शंभर ग्रॅमला साडेसदुसष्ट कॅलरी होतात, अख्ख्या डब्याला २७०. बारा किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला नऊशेच्या आसपास लागतात. तू एक डबा देतोस. म्हणजे गरजेच्या एक तृतीयांशही नाही. रात्री ते रडायचं तेव्हा तुला वाटलं, हट्टी आहे.

‘पहिलंच नाव चिकन आहे’ हेही मला ऐकवू नकोस. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि ते वजन कच्च्या, पाण्यानं भरलेल्या मांसाचं असतं. तांदूळ, तांदळाचं पीठ, तांदळाची कणी अशी तीन नावं वेगवेगळी लिहिली की प्रत्येक खाली सरकतं, एकत्र केली तर कदाचित कोंबडीच्या वर जातील. नावातही फरक असतो. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ‘विथ चिकन’ लिहायला ३ टक्के कोंबडी पुरते, ‘चिकन डिनर’ला २५ टक्के लागते, आणि नुसतं ‘चिकन’ म्हणायला पाणी सोडून ९५ टक्के. ‘चिकन फ्लेवर’ असेल तर फक्त चव लागली तरी भागतं.

उलट ‘बायप्रॉडक्ट’ वाचून नाक मुरडू नकोस. कलेजी, गुर्दा, वजरी यांनाही तोच शब्द आहे, आणि कलेजीत लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं. गवार गम दिसला तर दचकू नकोस, रस्सा दाट करायला आपल्या गवारीच्या बियांचा डिंक घालतात.

आणि आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नत्र मोजते आणि सव्वासहानं गुणते. युरियात ४६ टक्के नत्र असतं हे तुला झोपेतही पाठ आहे. मेलामाइनमध्ये ६६ टक्क्यांच्या आसपास असतं. २००७ साली चीनमधून गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळलेलं निघालं. कागदावर प्रथिनं वाढली, आणि अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. कोट्यवधी डबे परत बोलवावे लागले. म्हणून बनवणारा कोण, आयात करणारा कोण, तारीख कोणती, तक्रारीचा पत्ता आहे का, हे वाचायचं. फुगलेला डबा तर उघडायचाही नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात उघडलेला डबा ओट्यावर ठेवायचा नाही, झाकून फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचा.

शेतकऱ्याला बियाणं बोगस निघालं तर तो तुझ्या दारात येऊन भांडतो, तालुक्याला तक्रार करतो. हे पिल्लू कुठं जाईल? तू पुढ्यात ठेवशील ते शेपूट हलवत खातं आणि पाय वाकले तरी तुझ्याच मागं येतं. त्याच्या वतीनं लेबल वाचणारा या जगात तू एकटाच आहेस, आणि तू वाचलं नाहीस.

रविवारी सकाळी वही घेऊन ये. बाजारातल्या तीन खाद्यांची लेबलं उतरवून आण. पाणी वजा करून प्रथिनं, स्निग्ध आणि कॅलरी काढ, आणि प्रत्येकापुढे ‘परिपूर्ण’ की ‘पूरक’ ते लिही. ती वही आधी डॉक्टरांना दाखव, मग मला. महागडं घे असं मी म्हणत नाही. तपासून घे.

ऊठ आता. पायऱ्यांवरून त्याला चालवू नकोस, उचलून ने.