शाश्वत शिक्षा आणि अल्लाहचा न्याय




एका जुम्याच्या नमाजनंतर महाविद्यालयात शिकणारा एक तरुण माझ्यापाशी थांबला. त्याने आपल्या ख्रिस्ती मित्राला विचारले होते, "तुम्ही ईश्वराला प्रेमस्वरूप म्हणता. मग साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील पापांसाठी कधीच न संपणारी शिक्षा कशी न्याय्य ठरते?" मित्राने शांतपणे उलट विचारले, "तुमच्याकडेही जहन्नम शाश्वतच आहे ना?" तरुण निरुत्तर झाला. "मौलाना, आता त्याला मी काय उत्तर देऊ?"

मी त्याला म्हणालो, "बेटा, वाद जिंकण्यासाठी काढलेला प्रश्न आपल्याच उंबरठ्यावर परत आला, हे बरे झाले. आता तो समजून घेण्यासाठी विचारू या."

प्रथम हे मान्य केले पाहिजे की ख्रिस्ती विद्वानांनी हा प्रश्न स्वतःला शतकानुशतके विचारला आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने अशी आशा बाळगली होती की ईश्वराची शिक्षा वैद्याच्या कडू औषधासारखी असेल आणि अखेरीस सर्व जीव ईश्वराकडे परततील. पुढे इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभेने त्याचे नाव पाखंडी लोकांच्या यादीत घातले. संत ऑगस्टीन (इ. स. ३५४-४३०) याने शाश्वत शिक्षेचे ठामपणे समर्थन केले. त्याचा युक्तिवाद असा, की गुन्ह्याला किती वेळ लागला यावरून जगातील कोणतेही न्यायालय शिक्षेची मुदत ठरवीत नाही. खून क्षणात होतो. शिक्षा जन्मभराची असते. अकराव्या शतकातील अन्सेल्मने प्रतिपादन केले की ज्याचा अवमान झाला त्याची थोरवी जितकी मोठी, तितका अपराध मोठा. म्हणून ईश्वराची अवज्ञा लहान मानता येत नाही.

तरीही मनाची टोचणी थांबली नाही. १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक फ्रेडरिक मॉरिस यांनी 'शाश्वत' या शब्दाचा अर्थ केवळ न संपणारा काळ असा करू नये, असे लिहिले आणि त्यापायी त्यांना अध्यापनाचे पद गमवावे लागले. बाप्तिस्मा न होता मरण पावलेल्या अर्भकांच्या वाट्यालाही, सौम्य का होईना, शिक्षा येते, असे ऑगस्टीनचे मत होते. कॅथलिक चर्चच्या ईश्वरविद्या आयोगाने २००७ मध्ये अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास आधार आहे, असे प्रतिपादन केले. कोवळ्या जीवाला शिक्षा, ही कल्पना श्रद्धावंत अंतःकरणाला किती जड गेली असेल, हे यावरून दिसते.

याच ठिकाणी आपला मार्ग वेगळा होतो. आदम (अ.) यांच्याकडून चूक झाली, त्यांनी तौबा केली आणि अल्लाहने ती कबूल केली. ती चूक त्यांच्या लेकरांच्या खात्यावर चढली नाही. प्रत्येक मूल शुद्ध प्रकृतीवर, म्हणजे फितरतवर, जन्माला येते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले. कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही आणि प्रेषित पाठविल्याखेरीज शिक्षा दिली जाणार नाही, ही ग्वाही सूरह अल्-इस्रामध्ये आहे. अल्लाह कणभरही अन्याय करीत नाही, हे सूरह अन्-निसा सांगते. शिक्षेविषयीचा आपला सारा विचार या पायावर उभा आहे.

मग शाश्वत शिक्षा का? सूरह अल्-अन्आममध्ये एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. जहन्नमच्या काठावर उभे असलेले नाकारणारे जगात परत पाठविण्याची याचना करतील. पण त्यांना परत पाठविले, तरी ते पुन्हा तेच करतील. म्हणजे प्रश्न साठ वर्षांचा नाही. सत्य ओळखूनही त्याच्याकडे पाठ फिरविण्यावर जे हृदय कायमचे स्थिरावले, त्याचा हा प्रश्न आहे. याउलट ज्याच्या हृदयात कणभर ईमान असेल, तो पापांची शिक्षा भोगून अखेर बाहेर काढला जाईल, असे सहीह हदीसमध्ये आले आहे.

आपल्या उलमांनीही या विषयावर खोल विचार केला आहे. इब्न कय्यिम (रह.) यांनी अग्नीला कधी अंत असेल काय, याची चर्चा केली, तकीउद्दीन सुबकी (रह.) यांनी त्या मताचे खंडन करून ग्रंथ लिहिला. बहुसंख्य उलमांचे मत शाश्वततेचेच आहे आणि आपणही तेच मानतो. परंतु इमाम गझाली (रह., मृत्यू इ. स. ११११) यांनी 'फैसलुत्-तफरिका' या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद केला. ज्याच्यापर्यंत प्रेषितांचे नाव पोहोचलेच नाही, तो माफीस पात्र आहे. आणि ज्याच्यापर्यंत ते केवळ विकृत, खोट्या रूपात पोहोचले, तोही. जबाबदार तो, ज्याला सत्य स्पष्ट दिसले आणि ज्याने ते नाकारले.

बंधुहो, आता स्वतःला विचारू या. आपल्या शेजाऱ्यांपर्यंत इस्लाम कोणत्या रूपात पोहोचला? आपल्या व्यवहारातून, वचनातून, बोलण्यातून त्यांनी काय पाहिले? ज्याने आपल्यामुळे दीनचे विद्रूप चित्र पाहिले, त्याच्या हिशेबापूर्वी आपला हिशेब होण्याची भीती आपल्याला वाटली पाहिजे.

शिर्कवर मरण पावणाऱ्यास क्षमा नाही, हा नियम कुरआनने सांगितला आहे आणि तो आपण लपवीत नाही. पण नियम सांगणे वेगळे आणि एखाद्या माणसाचे नाव घेऊन निकाल देणे वेगळे. कोणाच्या हृदयात काय होते आणि शेवटच्या श्वासाला तेथे काय घडले, हे केवळ अल्लाह जाणतो. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार, एका माणसाने शपथ घेऊन म्हटले की अमक्याला अल्लाह क्षमा करणार नाही. अल्लाहने त्या 'अमक्या'ला क्षमा केली आणि शपथ घेणाऱ्याची कर्मे वाया गेली.

सूरह अल्-माइदाच्या अखेरीस कयामतच्या दिवसाचे एक दृश्य आहे. ज्यांनी ईसा (अ.) यांनाच उपास्य मानले, त्यांच्याविषयी खुद्द ईसा (अ.) बोलत आहेत. त्या दाव्यापासून ते स्वतःला वेगळे करतात. मात्र शिक्षा मागत नाहीत. हे तुझेच दास आहेत, शिक्षा करणे वा क्षमा करणे तुझ्याच अधिकारात आणि हिकमतीत आहे, अशा आशयाचे बोलून ते सारे अल्लाहवर सोपवितात. हीच एक आयत पुन्हा पुन्हा म्हणत आपले प्रेषित (स.) यांनी एक अख्खी रात्र नमाजमध्ये उभे राहून काढली, असे हजरत अबू जर (रजि.) सांगतात.

त्या तरुणाला मी शेवटी इतकेच म्हणालो, "मित्राला सांग, आमचा रब अन्याय करीत नाही, एवढी आमची खात्री आहे. कोण कोठे जाईल, याचा निकाल आमच्या हाती नाही. आणि मला माझी स्वतःचीच काळजी आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मौलाना, हे उत्तर वादात जिंकणार नाही." मी म्हटले, "नाही जिंकणार. पण मैत्री टिकेल आणि कदाचित उद्या तो तुला दुसरा प्रश्न विचारील."

हे अल्लाह, आम्हाला जहन्नमपासून वाचव, आमच्या जिभेला दुसऱ्यांच्या निकालापासून आवर आणि आमच्या आचरणाला तुझ्या रहमतची साक्ष बनव. आमीन.