सरासरीचा न्याय

एखाद्या नदीचें पाणी वर्षांतून एकच दिवस विषारी झालें आणि उरलेले ३६४ दिवस निर्मळ राहिलें, तर त्या नदीस शुद्ध म्हणावें कीं अशुद्ध? प्रश्न दिसण्यांत गणिताचा आहे. आमच्या मतें तो मूलतः नीतीचा आहे.

१ नोव्हेंबर १९८६ रोजीं स्वित्झर्लंडांतील बाझल शहराजवळ सांदोझ कंपनीच्या गुदामास आग लागली. तेथें सुमारें १,३०० टन रासायनिक द्रव्यें, मुख्यतः शेतीचीं कीटकनाशकें, सांठविलेलीं होतीं. आग विझविणारें पाणीच तीं विषें घेऊन ऱ्हाइन नदींत उतरलें व पाणी तांबडें झालें. तो लोंढा कांहीं दिवसांत समुद्राकडे निघून गेला. परंतु मागें सुमारें ४०० किलोमीटरपर्यंत वामेसारखे ईल मासे, अंदाजें दीड लाख, मरून पडले. तें विष वर्षभराच्या पाण्यांत हिशेबानें वांटून टाकलें, तर आंकडा हवा तितका सौम्य करितां येईल. मासा मात्र सरासरींत जगत नाहीं. तो त्या घटकेच्या पाण्यांत जगतो.

एवढ्या मोठ्या अपघाताचीही आवश्यकता नाहीं. पहिल्या पावसाचा लोंढा शहराचा मळ एकदम नदींत लोटतो. तो कुजविणारे जंतु पाण्यांतील प्राणवायु थोड्याच वेळांत संपवितात आणि मासे गुदमरतात. दोन दिवसांनीं तेथून भरून नेलेली बाटली कदाचित् निर्दोष ठरेल.

यावर कोणी म्हणेल कीं, सृष्टि इतकी दुबळी नाहीं. दोन आघातांमध्यें पुरेसा अवकाश मिळाला, तर जीव सांवरतो. हें खरें आहे. ऱ्हाइनच्या कांठच्या राष्ट्रांनीं १९८७ मध्यें नदीच्या उद्धाराचा कार्यक्रम हातीं घेतला, आणि पुढील दशकांत सॅमन मासे तिच्या खोऱ्यांत पुन्हां येऊं लागले. परंतु ‘पुरेसा’ हें कोणीं ठरवावयाचें? कांहीं कीटकनाशकें मज्जातंतूंच्या व्यवहारास लागणारें एक द्रव्य निकामी करितात. पाणी निवळलें तरी जलचराच्या शरीरांत तें द्रव्य पूर्ववत् होण्यास पुष्कळ दिवस लागतात. तेवढ्यांत दुसरी लाट आली, तर पहिलीहून सौम्य असूनही ती प्राण घेऊं शकते. पाणी बरें झालें म्हणजे प्राणी बरा झाला असें नव्हे.

आम्हांस हा विषय केवळ माशांचा वाटत नाहीं. अध्यापनांत आमचीं तीस वर्षें गेलीं, आणि आपण शांत स्वभावाचे शिक्षक आहों अशी आमची समजूत होती. एकदां भर वर्गांत आम्ही एका विद्यार्थ्यास रागाच्या भरांत एक वाक्य बोललों. दुसऱ्या दिवशीं आम्ही पूर्ववत् प्रसन्न होतों. तो विद्यार्थी मात्र पुढें वर्षभर आमच्या तासास एक शब्दही बोलला नाहीं. आम्ही आमच्या निर्मळ दिवसांची बेरीज करीत होतों. त्याच्यापाशीं मात्र एकच दिवस होता.

एका कृत्यावरून मनुष्याचें सर्व आयुष्य तोलावें, असें आमचें म्हणणें नाहीं. सरासरी कर्त्याचा स्वभाव सांगूं शकेल. सोसणाऱ्याची हानि ती सांगूं शकत नाहीं. अपराधानंतर किती काळ जावा म्हणजे तो निवला असें समजावें, हें अपराध्याच्या घड्याळावरून ठरवितां येत नाहीं. तें घड्याळ ज्यानें सोसलें त्याच्या हातीं असतें, आणि तें सावकाश चालतें.